आरंभरेषेचा शोध

कोणत्याही कलेत आरंभ अवघड मानला गेला आहे. कवीला पहिली ओळ, गवयाला पहिला षड्ज आणि चित्रकाराला पहिली रेषा साधली की पुढचे काम निम्मे झाले, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्या पहिल्या ओळीने किंवा रेषेने नेमके काय साधते, याचा विचार क्वचितच करतो. आमच्या काव्यचर्चेने तर 'स्फूर्ती' या एका शब्दात हा सारा प्रश्न गुंडाळून ठेवला आहे. स्फूर्ती आली म्हणजे ओळ आली, आणि ओळ आली याचा अर्थ स्फूर्ती आली, अशा वर्तुळात ही चर्चा फिरत राहते. मोठ्या कलांच्या बाबतीत हे वर्तुळ फोडणे कठीण आहे, कारण तेथे आरंभानंतरही कलावंतापुढे इतके निर्णय उभे राहतात की आरंभाचे श्रेय वेगळे काढता येत नाही. म्हणून एखादा लहानसा, जवळजवळ खेळ म्हणावा असा कलाप्रकार समोर ठेवून हा प्रश्न तपासावा, असे आम्हांस वाटते. एकाग्र चित्ताने, त्याच त्या रेघा पुनःपुन्हा काढीत कागद नक्षीने भरण्याची जी पद्धत गेल्या वीसएक वर्षांत अमेरिकेत निघून पुढे अनेक देशांत पसरली, ती या कामी फार उपयोगी आहे.

या पद्धतीचे नाव 'झेंटँगल'. झेन पंथाचे नाव आणि गुंता या अर्थाचा इंग्रजी शब्द यांच्या संधीतून ते तयार झाले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिक रॉबर्ट्स व मारिया थॉमस हे दांपत्य तिचे जनक. मारिया थॉमस या सुलेखनकार. एका मोठ्या अक्षरामागे बारीक नक्षी भरीत असताना आपले काळाचे भान हरपते, असे त्यांनी पतीला सांगितले. पूर्वी संन्यस्त जीवन अनुभवलेल्या रॉबर्ट्स यांना हे ध्यानाचेच वर्णन वाटले. आणि मग हाच अनुभव कोणालाही घेता येईल अशी पायऱ्यापायऱ्यांची रीत दोघांनी बसवली, अशी तिची जन्मकथा सांगितली जाते. २०१२ साली त्यांनी 'द बुक ऑफ झेंटँगल' हे पुस्तकही प्रसिद्ध केले.

रीत साधी आहे. साडेतीन इंच लांबीरुंदीचा जाड चौरस कागद घ्यावयाचा. त्याच्या चार कोपऱ्यांत शिसपेन्सिलीने चार ठिपके द्यावयाचे, ते हलक्या हाताने जोडून चौकट करावयाची आणि त्या चौकटीत एक फिकट, स्वैर रेषा सोडावयाची. या रेषेमुळे चौकटीचे जे लहानमोठे भाग पडतील ते काळ्या शाईच्या बारीक लेखणीने ठरावीक नक्ष्यांनी भरावयाचे, आणि शेवटी शिसपेन्सिलीने छाया द्यावयाची. खोडरबर वापरावयाचे नाही. कागदाला वर-खाली अशी बाजू नाही. तो हवा तसा फिरवावा. यात ती जी फिकट, स्वैर रेषा आहे, तिला या मंडळींनी 'दोरा' असे नाव दिले आहे. आमचा विषय एवढाच, की हा दोरा आणावा कोठून?

दोरा हे नाव मोठे समर्पक आहे. गवंडी भिंत चढविण्यापूर्वी दोरी ताणतो, सुतार करवत लावण्यापूर्वी लाकडावर सूत मारतो आणि माळीण दोऱ्यात फुले ओवते. तिन्ही ठिकाणी दोरा कामाला आधार देतो आणि काम पुरे झाल्यावर दृष्टीआड होतो. थोडक्यात सांगितलेल्या, पण पुढच्या साऱ्या विस्ताराला धरून ठेवणाऱ्या वचनाला आपल्या शास्त्रकारांनी 'सूत्र' म्हटले, त्यामागेही हीच प्रतिमा आहे. या दृष्टीने पाहता आरंभरेषेची तीन कार्ये दिसतात. पहिले, कागदाचा कोरेपणा मोडणे. प्रभाकर बरवे यांच्यासारख्या चिंतनशील चित्रकाराने आपल्या १९९० मधील मराठी ग्रंथाला 'कोरा कॅनव्हास' हे नाव द्यावे, यावरून त्या कोरेपणाचे वजन ध्यानी यावे. दुसरे कार्य, पृष्ठाचे असमान भाग पाडणे. कोठे ऐसपैस मोकळी जागा, कोठे चिंचोळी गल्ली, कोठे टोकदार कोपरा असे पडले म्हणजे ठरावीक नक्षीलाही त्या जागेपुरते वळावे, आखडावे, फुलावे लागते. तिसरे कार्य, शेवटी नाहीसे होणे. पुरी झालेली नक्षी पाहताना दोरा कोठून गेला हे शोधावे लागावे. यांपैकी पहिले कार्य कोणतीही रेघ करील. दुसरे फार थोड्या रेघा करतात. आणि तिसरे रेषेपेक्षा काढणाऱ्याच्या स्वभावावर अधिक अवलंबून असते.

नवशिका मनुष्य काय करतो? तो एक नागमोडी रेघ काढतो, मग एक फास, मग एक शंखाकृती वळण. दहा-वीस कागद झाले की त्याच्या ध्यानात येते, की आपला हात फिरून फिरून त्याच तीन-चार वळणांवर येतो. हाताला वळण लागते असे आपण म्हणतो ते सुलेखनात भूषण असेल. स्वैर रेषेत ती कैद ठरते. मग नव्या आरंभरेषांची भूक लागते आणि ती भागविणारेही पुढे येतात. आज शेकडो तयार दोऱ्यांचे संग्रह उपलब्ध आहेत. त्यांतून एक निवडावा, कागदावर उतरवावा आणि भरावयास बसावे. सोय म्हणून हे ठीकच आहे. परंतु या सोयीत या लहानशा कलेचा प्राणच जातो, असे आमचे मत आहे, आणि ते सकारण मांडणे अवश्य आहे.

या पद्धतीतील नक्ष्या ठरलेल्या असतात. प्रत्येकीला नाव असते, ती कशी काढावी याच्या पायऱ्या आखून दिलेल्या असतात, आणि दोन देशांतील दोन अनोळखी माणसे तीच नक्षी त्याच क्रमाने काढतात. यात गैर काही नाही. गवयाचे अलंकार आणि विणकराचे टाकेही असेच ठरलेले असतात. कोणती नक्षी घ्यावी हे ठरविण्यासाठी तर वीस पृष्ठांचा एक फासाही या पद्धतीच्या साहित्यात दिलेला असे. अर्थात नक्षीची निवडदेखील दैवावर सोडता येते. मग काढणाऱ्याचे स्वतःचे असे काय उरले? उरला तो दोरा. २०१३ साली जोहाना बॅसफर्ड यांचे 'सीक्रेट गार्डन' हे प्रौढांसाठीचे रंगभरणाचे पुस्तक निघाले आणि त्यानंतर तशा पुस्तकांची लाट आली. तेथे सर्व रेषा छापलेल्याच असतात; वाचकाने रंग भरावे. झेंटँगलचे समर्थक या पुस्तकांहून आपली पद्धत वेगळी मानतात, आणि ती आहेही. परंतु ते वेगळेपण एका फिकट रेघेवर तोललेले आहे. तीही संग्रहातून आणली की दोहोंतील अंतर फारसे उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग प्रत्येकाने आपली रेषा स्वतःच कल्पावी, एवढेच तुमचे म्हणणे दिसते. तसे ते नाही. कल्पून काढलेली रेषा हाताच्या जुन्या वळणावर जाते, हे आम्ही वर सांगितलेच आहे. आमच्या मते आरंभरेषांचे तीन वर्ग पाडले पाहिजेत: योजलेली, पुरवलेली आणि सापडलेली. योजलेल्या रेषेत आपलीच सवय आपल्याला भेटते. पुरवलेल्या रेषेत दुसऱ्याची सवय भेटते. सापडलेली रेषा मात्र आपल्या इच्छेबाहेरून येते, तरी आपल्याच जगण्याच्या आवारात पडलेली असते. तिला उचलण्याचा निर्णय आपला असतो आणि तिच्याशी जुळवून घेण्याची जबाबदारीही आपली असते. सर्जन असे जे काही या आरंभात आहे, ते या उचलण्यात आणि जुळवून घेण्यात आहे.

हा विचार नवा नाही. डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहावे, त्यांत डोंगर, नद्या, झुंजणारी माणसे दिसू लागतात, असा सल्ला लिओनार्दोने चित्रकारांना दिलेला प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात अलेक्झांडर कोझेन्स या इंग्रज चित्रकाराने १७८५-८६ च्या सुमारास निसर्गचित्रांच्या रचना सुचण्यासाठी एक 'नवी पद्धत' छापून प्रसिद्ध केली. तीत शाईचे भराभर डाग टाकून त्यांवरून चित्र उभे करावयाचे असते. कागद मुठीत चुरगाळून पुन्हा पसरावा, म्हणजे डाग अधिक अनपेक्षित पडतात, असेही तो सुचवितो. तथापि डाग टाकताना निसर्गदृश्याची सर्वसाधारण कल्पना मनात असावी, अशीही त्याची अट आहे. ही अट आम्हांस महत्त्वाची वाटते. सापडण्यासाठी शोधणारा लागतो. ज्याच्या मनात काहीच भूक नाही त्याला डागात डागच दिसणार.

मार्सेल द्यूशाँचा १९१३-१४ मधील प्रयोग तर आमच्या विषयाशी नावानेही जुळतो. एक मीटर लांबीचे तीन दोरे एक मीटर उंचीवरून खाली सोडावे, ते जसे पडतील तसे चिकटवावे आणि त्या वळणांबरहुकूम लाकडी पट्ट्या कापून घ्याव्या, अशी त्या कृतीची कल्पना त्याने सांगितली आहे. मीटर या मापाची ही थट्टा होती, हे उघडच आहे. परंतु तिच्यात एक गंभीर गोष्ट आहे. पडलेल्या दोऱ्याच्या वळणाची पट्टी करणे म्हणजे त्या वळणाला प्रमाण मानणे. त्यात दुरुस्ती करावयाची नाही असे ठरविणे. पुढे या पट्ट्या त्याने आपल्या दुसऱ्या चित्रकृतीत वापरल्याही. सापडलेल्या रेषेशी इमान राखणे म्हणजे काय, याचे इतके कोरडे आणि इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

तिसरे उदाहरण वैद्यकातले आहे. इंग्लंडमधील बालमनोवैद्य डी. डब्ल्यू. विनिकॉट हे भेटीस आलेल्या मुलाबरोबर रेघोट्यांचा एक खेळ खेळत. डॉक्टरांनी कागदावर एक निरर्थक रेघोटी ओढावयाची आणि मुलाने तिचे काहीतरी करावयाचे. मग मुलाने रेघोटी ओढावयाची आणि डॉक्टरांनी तिचे काहीतरी करावयाचे. येथे रेषा दुसऱ्याने दिलेली आहे. मग ती पुरवलेली म्हणावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही. देणारा समोर बसलेला आहे आणि पुढच्या खेपेस तो आपली रेघ घेणार आहे. संग्रहातील रेषेला असा दाता नसतो; तिच्या मोबदल्यात आपल्याला काही द्यावे लागत नाही.

परंतु या सर्वांहून अर्थपूर्ण उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि ते एका कवीचे आहे. १९२४ साली दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात रवींद्रनाथ आजारी पडले आणि ब्वेनोस आयरेसजवळ सान इसिद्रो येथे व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले. 'पूरबी' या संग्रहातील कवितांचे लेखन त्या वेळी चालू होते. वहीत खोडलेल्या शब्दांवर आणि ओळींवर ते रेघा वाढवीत, एक खोड दुसरीला जोडीत, आणि पाहता पाहता त्या गुंत्यातून चोच, पंख, विचित्र प्राण्याचा जबडा किंवा नुसतीच वेलबुट्टी तयार होई. ओकाम्पोंच्या नजरेने हे हेरले. पुढे १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल कलादालनात रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, त्याच्या खटपटीत ओकाम्पोंचाच पुढाकार होता. साठी उलटल्यावर हाती कुंचला घेतलेल्या या कवीने अखेरपर्यंत दोन हजारांहून अधिक चित्रे काढली.

'पूरबी'च्या हस्तलिखिताची पाने केवळ कुतूहल म्हणून पाहू नयेत. खोडलेले शब्द पानावर बेटांसारखे विखुरलेले असतात. त्यांच्या जागा रवींद्रनाथांनी ठरविलेल्या नाहीत. कवितेच्या गरजेने त्या ठरलेल्या आहेत. कोणता शब्द चुकला, कोणती ओळ सैल पडली, यावरून आरंभरेषेचे बिंदू पडले. त्या बिंदूंना जोडणारी रेषा पुन्हा स्वतंत्र नाही. राखलेल्या ओळी तिला ओलांडता येत नाहीत, त्या वाचता आल्या पाहिजेत. म्हणजे एकीकडे काव्यदोषाने दिलेला आरंभ आणि दुसरीकडे काव्यगुणाने घातलेली मर्यादा, यांच्या मधून ही रेषा वाट काढते. तिला दोन कामे एकदम करावी लागतात. टाकलेला शब्द झाकावयाचा आणि विद्रूप झालेले पान सावरावयाचे. ती खोडाखोड लयीत सामावून घेतल्यावाचून आपल्याला चैन पडत नसे, अशा अर्थाचे रवींद्रनाथांनी स्वतःच लिहिले आहे. ज्या रेषेला असे काही तारावयाचे असते, तिच्यात केवळ विरंगुळ्याच्या रेषेपेक्षा वेगळा ताण येतो. हा ताण त्या पानांवर आजही जाणवतो.

येथे आमचा झेंटँगलच्या तत्त्वज्ञानाशी खरा मतभेद आहे. या पद्धतीत चूक अशी काही नसतेच, असे शिकविले जाते. रेघ वाकडी गेली तर तीच नव्या नक्षीची संधी समजावी. भित्र्या हाताला धीर देण्यासाठी हे वचन उत्तम आहे, आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला ज्यांचा कायमचा अपमान झाला अशा असंख्य प्रौढांना त्याने पुन्हा कागदाजवळ आणले, हे उपकार लहान नाहीत. परंतु रवींद्रनाथांच्या पानावर चूक ही चूकच राहते. तो शब्द खोटा होता म्हणून तो खोडला गेला. नक्षी झाली म्हणून तो खरा ठरला नाही. चूक नाहीच असे म्हणणे, आणि चूक आहे पण तिच्यातूनही पुढे जाता येते असे दाखविणे, यांत मनाला मिळणाऱ्या शांतीच्या दृष्टीनेही महदंतर आहे. पहिल्या शांतीला पुढच्या संकटापर्यंतच आयुष्य असते. दुसरी कष्टाने मिळते, पण ती टिकते.

आता आमचे चोखंदळ वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो आम्हांस मोलाचा वाटतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ठिपक्यांची रांगोळी आणि दाक्षिणात्य कोलम शेजारी शेजारी पाहिले असतील. दोन्हींत आरंभ ठिपक्यांचा, आणि ठिपक्यांची मांडणी पिढ्यानपिढ्या ठरलेली. आईने मुलीला दिलेली ती मांडणी पुरवलेलीच नव्हे काय? मग पुरवलेल्या आरंभाला तुम्ही निर्जीव कसे म्हणता?

याचे उत्तर देण्यापूर्वी या दोन रीतींतील एक भेद नोंदविला पाहिजे. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा बहुधा ठिपक्यांतून जाते. ठिपके जोडले जातात आणि आकृतीत विरतात. तमिळ प्रदेशातील 'सिक्कु कोलम'मध्ये, म्हणजे गुंत्याच्या कोलममध्ये, रेषा ठिपक्यांना स्पर्श न करता त्यांच्या भोवतीने वळसे घेत जाते आणि फिरून आरंभस्थानी मिळते. ठिपके शेवटपर्यंत दिसत राहतात. एकही वेढ्याबाहेर राहता कामा नये. ही शिस्त इतकी काटेकोर आहे की १९७० नंतरच्या दशकात मद्रासमधील गणितज्ञांनी संगणकशास्त्रातील व्याकरणाच्या परिभाषेत तिचा अभ्यास केला. गिफ्ट सिरोमनी व राणी सिरोमनी यांची नावे त्या कामाशी निगडित आहेत. झेंटँगलमध्येही गुंता हाच शब्द आहे. परंतु तेथील गुंता कोठेही थांबवता येतो, आणि कोलममधला सोडवूनच उठावे लागते.

आता आक्षेपाचे उत्तर. परंपरा देते ती रेषा जन्मभर तीच असते. संग्रह देतो ती दर खेपेस नवी असते. नवी रेषा हाती येते तेव्हा जुनी सोडून देण्याची मुभाही तिच्याबरोबर येते. परंपरेची रेषा ती मुभा देत नाही. तिच्याशी रोज पहाटे जुळवून घ्यावे लागते. शिवाय ठिपक्यांची मांडणी ठरलेली असली तरी जमीन ठरलेली नसते. उंबरठा किती रुंद, अंगण किती उतरते, सडा कोठे ओला राहिला, यावर ठिपक्यांची संख्या आणि अंतर बेतावे लागते. म्हणजे वारशाच्या आरंभातही सापडण्याचा अंश आहेच. वारशाने आलेली आणि सापडलेली, या दोन्ही रेषा माणसाला बांधून घेतात. म्हणून त्या एकमेकींच्या आप्त आहेत.

याच अर्थाचे एक उदाहरण मराठी लेखनपरंपरेतही आहे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिच्याखाली लटकवीत जाई. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील राज्यकारभाराचे कागद असोत, की तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले मराठी राजवटीचे कागद असोत, हीच रीत दिसते. त्या शिरोरेषेत कल्पकता कणमात्र नाही. तरी तिच्या आधारावर हाताला जो वेग आणि जो डौल मिळे, त्यामुळे हिशेबाचा कागददेखील दुरून एखाद्या नक्षीसारखा भासतो. आरंभरेषा विलक्षण असली पाहिजे, हा समज सोडून देण्यास एवढे उदाहरण पुरे आहे. विलक्षण रेषा पुष्कळदा स्वतःकडेच लक्ष वेधून घेते आणि नाहीसे होण्याचे आपले तिसरे कार्य विसरते.

या विवेचनाचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्या वाचकासाठी काही सापडलेल्या रेषांची परीक्षा करून पाहू. भिंतीचा तडा ही उत्तम आरंभरेषा आहे. ती कडेपर्यंत जाते, फाटे फोडते आणि असमान भाग पाडते. चहाच्या पेल्याचा ओला गोल दिसतो आकर्षक, पण तो स्वतःतच पुरा असतो. आत आणि बाहेर असे दोनच भाग पडतात. तोच गोल कागदाच्या कडेबाहेर निसटू दिला तर बरे जमते. खिडकीच्या जाळीची सावली टाळावी, कारण ती आधीच नक्षी आहे. हाताला करण्यासारखे काही उरत नाही. डोळे मिटून रेघ ओढावी असे बरेचजण सुचवितात. परंतु डोळे मिटले तरी हाताच्या सवयी मिटत नाहीत. त्यापेक्षा उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने ओढावी. शिवणाच्या डब्यातील वीतभर दोरा कागदावर टाकून त्याच्या कडेने शिसपेन्सिल फिरविणे हा तर द्यूशाँचा घरगुती पाठ आहे. मात्र पडलेला दोरा बोटाने नीट करावयाचा नाही, ही अट पाळावी. नकाशावरील नदी घेतली तर तिचे नाव मनातून काढून कागद आडवा फिरवावा, नाहीतर नक्षी होण्याऐवजी नकाशाच होऊन बसेल.

दूर राहणाऱ्यांसाठी आणखी एक रेषा आम्हांस सुचते. आपण सोडून आलेल्या गावात स्थानकापासून किंवा मोटारथांब्यापासून घरापर्यंत जी वाट होती, ती आठवणीने काढून पाहावी. ती बरोबर येणार नाही. वळणे चुकतील, अंतरे आखडतील, मधला एखादा पूल गळून जाईल. काढताना जो अडखळा येईल, त्यानेच ती रेषा योजलेल्या रेषेपासून वेगळी होईल. मग तिच्याभोवती नक्षी भरीत गेले असता वाट हळूहळू झाकली जाते. पण प्रत्येक नक्षी तिच्याच कडेने वळलेली असते. दोरा नाहीसा होणे म्हणजे काय, हे येथे जितके समजते तितके संग्रहातील कोणत्याही रेषेने समजणार नाही. ज्याला हे स्मरणरंजन वाटेल त्याने भिंतीचा तडा घ्यावा. आमचा आग्रह रेषेच्या विषयाबद्दल नाही, तिच्या उगमाबद्दल आहे.

ध्यान या शब्दाबद्दलही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. तो आता फार स्वस्त झाला आहे. चहाच्या पुड्यावरही तो छापलेला आढळतो. योगशास्त्रात धारणा ही ध्यानाच्या आधीची पायरी आहे: चित्ताला एका ठिकाणी धरून ठेवणे. नक्षी भरताना जे घडते त्याला आम्ही धारणा म्हणू. तेवढेही थोडे नाही. पण धरून ठेवण्यासाठी ठिकाण लागते, आणि ते ठिकाण म्हणजे ही आरंभरेषा. ती उसनी असेल तर चित्त तिच्याशी परक्यासारखेच वागते. नक्षी भरून होते, वेळ बरा जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी रेषा लागते. या पद्धतीचे नाव नोंदणीकृत आहे, तिचे साहित्य विकले जाते, शिक्षकांना प्रमाणपत्रे दिली जातात. याबद्दल आमची तक्रार नाही. कागद आणि लेखणी कोणीतरी विकणारच. आरंभ मात्र विकत घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आरंभी आम्ही काव्याचा उल्लेख केला होता. स्फूर्ती नावाच्या वर्तुळाबाहेर पडण्यास या लहानशा कलेने एक वाट दाखविली आहे, असे आम्हांस वाटते. पहिली ओळ आभाळातून पडत नाही आणि ती नुसत्या निश्चयानेही येत नाही. ती बहुधा आधीच आपल्या पानावर कोठेतरी, खोडलेल्या मजकुराखाली पडलेली असते. आमच्या लेखक-कवींपाशी अशा पानांची वाण नसावी. संपादकांकडून साभार परत आलेले एखादे हस्तलिखित काढावे, त्यातील खाडाखोड पाहावी आणि तेथून शिसपेन्सिल उचलावी. नक्षी साधली नाही, तरी तो शब्द आपण का खोडला होता हे एकदा नीट आठवेल.